टी-शर्टवरची सही

टेनेसीत दर उन्हाळ्यात आमचं सगळं खानदान जमतं आणि सगळे एकसारखे टी-शर्ट घालतात. यंदा चुलतभाऊ थर्मनने शर्टावर त्याच्या खापरपणजोबांची, एझ्रांची, सही छापली होती.

"गुलामीतून सुटलेला माणूस गं! बाकीच्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांनी सहीच्या जागी फुल्या मारल्या, यांनी सही ठोकली!"

"मिळाली कुठे?"

"तुझ्या खापरपणजीच्या, केझायाच्या, पेन्शनच्या कागदांत. तिचा नवरा, म्हणजे एझ्रांचा भाऊ, अमेरिकेच्या यादवी युद्धात मारला गेला ना."

"त्या कागदावर सहीच्या वर काय लिहिलंय, वाचलंस?"

"कसली तरी जबानी. कोण वाचतंय ते गिचमिड!"

मी वाचलं होतं. "'माझी विधवा भावजय घरात परपुरुष ठेवते,' असं शपथेवर सांगितलंय एझ्राने. त्यावरून तिची पेन्शन बंद झाली, दादा. पदरात पोरं होती तिच्या."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोल. सगळ्यांनी घातलेत."

हातातल्या शर्टाची आतली बाजू मी बाहेर काढली, ताटातल्या भाजलेल्या बरगड्यांवरच्या लालभडक सॉसमध्ये बोट बुडवलं आणि शर्टाच्या छातीवर मोठी फुली ओढली.

"हे काय?"

"केझायाची सही. मी हीच घालणार."