बिबट्यासाठी दिलेल्या वस्तू

घुंगुरकाठी, साडेचार फूट. स्कूटीवर आडवी धरली की दोन्ही बाजूंचा ऊस घासतो.

मिरचीपूड वारा नेईल तिकडे जाते.

सहा वाजून अकरा. सहा वाजून चौदा. सहा वाजून नऊ.

"सुतळी बाँब खिशात ठिऊ नगं," म्हस्कूतात्या म्हणाले. जणू मी ठेवणारच होते.

कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात. आईनं दोरीनं माझ्या गळ्याचं माप घेतलं.

उपाशीपोटीची साखर बघायची तर म्हाताऱ्या माणसांना आठपर्यंत ताटकळत ठेवू नये.

बिबट्या लाल मोटारसायकलवर बसत नाही.

शेवटच्या ओळीपासून सांगते, म्हणजे बाकीच्या आपोआप लागतील. मी स्वरूपा. लासुर्ण्यात राहते. बारामतीतल्या एका लॅबसाठी घरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. पहाटे साडेपाचला निघायचं, कॅनॉलच्या वाटेनं कळंबकडच्या वस्त्या करायच्या, नऊच्या आत नमुने बारामतीत पोचवायचे. पौषात त्या वाटेवर सहाला जेमतेम तांबडं फुटतं आणि ऊस डोक्याच्या वर असतो.

लाल मोटारसायकल पहिल्यांदा मागे लागली तेव्हा मी घरी काही बोलले नाही. चौथ्यांदा लागली तेव्हा चेहऱ्यावर दिसलं असावं. आईनं विचारलं, काय झालं. मी म्हणाले, "बिबट्या दिसला."

आमच्याकडे हल्ली हे उत्तर चालतं. बिबट्या सगळ्यांनाच दिसतो. आणि माणूस म्हणाले असते, तर दुसऱ्या दिवशी स्कूटीची चावी आबांच्या, माझ्या वडिलांच्या, खिशात गेली असती. बिबट्यामुळे पोरीची नोकरी सुटत नाही. माणसामुळे सुटते.

तर अख्खं घर मला बिबट्यासाठी हत्यारं द्यायला लागलं.

*

रविवारी मी सगळ्याची परीक्षा घेतली. लॅबमध्ये चार वर्षं काढली की हात मोजल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. मोबाइलवर सेकंद लावले, हेल्मेट घातलं, स्कूटी सुरू ठेवली.

काठी. हातात यायला शून्य सेकंद, कारण ती ठेवायलाच जागा नाही.

मिरचीपूड. सात सेकंद. अंगणात वारा नव्हता तरी मला आणि म्हशीला एकदमच शिंक आली.

कोयता. हा अविराजचा, माझ्या धाकट्या भावाचा हट्ट. डिकीतून काढायला अकरा सेकंद.

"अकरा सेकंदात बिबट्या काय करंल ठावं हाय का?" मी विचारलं.

"मग डिकीत कशाला ठिवतीस? कमरंला लाव."

"आणि बारामतीत नाकाबंदी लागली तर? हितं तो ऊस तोडायचा कोयता. तितं ते हत्यार. मी रक्ताचे डबे दाखवू का कोयता दाखवू?"

"सांगायचं, बिबट्या हाय म्हणून."

"बारामतीच्या चौकात?"

अविराज हसला. मग म्हणाला, "मग मीच येतो की रोज मागनं."

हेच मला नको होतं. आधी मागनं येईल, मग पुढनं जाईल, मग म्हणेल, तू बस घरी, मीच आणून देतो नमुने.

म्हस्कूतात्या ओट्यावरून सगळं बघत होते. आबांचे थोरले भाऊ. फुकट सल्ला देतात पण टाकून देण्यासारखा क्वचितच असतो. म्हणाले, "आगं, सुया हायत की तुज्याकडं. ढीगभर."

"त्या न्हाय, तात्या."

"का? टोचली की पळंल."

"माणसं डोळं झाकून हात पुढं करत्यात माज्यापुढं. सुईनं मी कुणाला भ्या दावणार न्हाय. वापरलेली तर न्हायच न्हाय. आत काय असंल, कुणाला ठाऊक."

"बिबट्याला कावीळ हुईल म्हनतीस," तात्या म्हणाले आणि तंबाखू मळत बसले.

*

सोमवारी नमुने देऊन झाल्यावर मी बारामतीत सिकंदरचाचांच्या दुकानात गेले. पंपाचे स्टार्टर, बॅटऱ्या, टॉर्च, डुकरं हाकायचे दिवे, असं सगळं तिथं मिळतं. आबांची ओळख जुनी.

"चाचा, सोबत बाळगायला काहीतरी द्या. एका हातात मावेल असं."

"बिबट्यासाठी का माणसासाठी?"

दोन आठवड्यांत हा प्रश्न विचारणारे ते पहिलेच. मी काउंटरवरचा टॉर्च उचलला, चालू केला, बंद केला.

"दोन्हीला चालंल असं," मी म्हणाले.

चाचांनी मान वर केली नाही. ते कुणाच्या तरी स्टार्टरचा स्क्रू पिळत होते. "बिबट्याला उजेड दाव, जातो बिचारा. माणसाला उजेड दावला तर तो केस नीट करतो." मग त्यांनी मागच्या फळीवरून भोंगा काढला. हा सगळ्यांना माहीत आहे: भाजीवाले गाडीला लावतात, शेतकरी ज्वारीतली पाखरं उठवायला बांधतात. आपला आवाज भरायचा, बटण दाबायचं, की तो तेच तेच ओरडत बसतो. हा त्यातला लहान. ओंजळीएवढा.

"वीस सेकंद भरतंय. बॅटरी दोन दिवसाला लाव. काय भरायचं ते तू बघ."

स्कूटीच्या हँडलला रबरी पट्टा गुंडाळून मी तो अडकवला. रक्त काढताना दंडाला बांधायचा तोच पट्टा, नवा. हातात यायला एक सेकंद.

काय भरायचं, यावर मी त्या दिवशी फार विचार केला नाही. ज्यानं माणसं धावतात ते भरलं.

*

गुरुवार. सहा वाजून बारा.

लाल मोटारसायकल आज मागे राहिली नाही. पुढे गेली आणि वाटेवर आडवी उभी राहिली. मी दहा-बारा हात अलीकडे थांबले. त्यानं हेल्मेट घातलेलं नव्हतं. पंचविशीचा, दाढी कोरलेली, अंगात चांगलं जॅकेट.

"रोज पळतीस," तो म्हणाला. "नाव तरी सांग. खातो का मी?"

"गाडी बाजूला घ्या."

"घेतो की. नाव सांग."

तो गाडीवरून उतरला आणि चालत यायला लागला. मी भोंग्याचं बटण दाबलं.

बिबट्या आला, बिबट्या आला, कॅनॉलवर बिबट्या आला. माझाच आवाज, पण पत्र्याच्या डब्यातून निघाल्यासारखा. बिबट्या आला, बिबट्या आला.

पुढे जे झालं ते मी मोजलेलं नव्हतं. तो घाबरला. खरंच घाबरला. त्यानं उसाकडे पाहिलं, मागे स्वतःच्या गाडीकडे पाहिलं, आणि धावत येऊन माझ्या स्कूटीच्या आड बसला. "कुठं हाय? कुठं हाय?" त्याची मूठ माझ्या सीटच्या कडेला घट्ट. "चल की, बसू दे मला मागं."

चार पावलांवर येऊन जो मला नाव विचारणार होता, तो माझ्या गुडघ्याशी उकिडवा बसला होता. मला हसू आलं. ते मी आवरलं नाही.

वस्ती जवळच होती. आधी कुत्री, मग दोन टॉर्च, मग ट्रॅक्टरचा दिवा. दोन मिनिटांत बारा माणसं: काठ्या, खोरं, एकाच्या हातात पत्र्याचा डबा आणि दांडकं. पुढे कौसल्याकाकू, पदर कमरेला खोचलेला. त्यांच्या सासूची साखर मी दर पंधरा दिवसांनी बघते.

"कुठं गेला?" कौसल्याकाकूंचे मालक दादासाहेब म्हणाले.

मी भोंगा बंद केला. आणि मी तोंड उघडायच्या आत तो बोलला.

"उसात शिरला, काका. ह्या ताईच्या अंगावर येत हुता. मी गाडी आडवी घातली मधी."

टॉर्च त्याच्या तोंडावर गेला. "आरं, विजयसिंहाचा रविराज न्हवं का तू?" कुणीतरी म्हणालं.

"व्हय."

"बरं झालं बाबा, हुतास म्हणून. पोरगी एकली असती तर."

एकानं त्याची पाठ थोपटली. त्याला प्यायला पाणी दिलं. माझ्याकडे बघून दादासाहेब म्हणाले, "घरी सांग हो आबाला. चांगल्या घरचं पोर, जीव घातला मधी."

माझंच खोटं. मी सतरा दिवस जपलेलं, घरच्यांनी काठ्या-पुड्यांनी वाढवलेलं. आता ते त्याच्या अंगावर जॅकेटसारखं बसलं होतं. गप्प राहिले असते तर नोकरी राहिली असती, आणि उद्यापासून तो उघड उघड माझ्याबरोबर आला असता. राखण करायला.

"काका, बिबट्या न्हाय," मी म्हणाले.

"गेला व्हय?"

"नव्हताच. एकदाबी नव्हता. मी घरी खोटं सांगितलं. हा मागं येतोय माज्या."

ट्रॅक्टर धडधडत होता. रविराज म्हणाला, "घाबरलीया ती. कायबी बोलतीया."

डिकीतून मी वही काढली. प्रत्येक नमुन्यापुढे वेळ लिहावी लागते. ज्या दिवशी ही गाडी मागे होती त्या दिवशी समासात ती दिसल्याची वेळ आणि तिचा नंबरही लिहिला होता. मी वाचून दाखवलं. तारीख, वेळ, नंबर. तारीख, वेळ, नंबर. सहा वेळा. दादासाहेबांनी टॉर्च त्याच्या तोंडावरून काढून नंबरपाटीवर नेला आणि तिथंच धरला.

"मग आमाला बिबट्या म्हणून कशापायी पळवलं?" पत्र्याचा डबा घेतलेला माणूस म्हणाला. त्याला राग आला होता आणि तो बरोबर होता. "उद्या खराच आला तर कोण येईल?"

"माणूस म्हणून हाक दिली असती तर किती आला असता, दादा?"

तो दांडक्यानं जमिनीत टोकरत राहिला. एक म्हातारबाबा म्हणाले, "चारजण तर."

"दोघं," कौसल्याकाकू म्हणाल्या. "त्यातला एक बघायला."

कुणीतरी हसलं. काकू लाल मोटारसायकलकडे गेल्या, चावी काढली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली.

"काकू, चावी द्या की," रविराज म्हणाला.

"दीन की. आयला पाठव तुज्या. तिच्या हातात दीन, काय झालं ते सांगून."

"आईला नगा मधी आणू."

"का रं? ती बिबट्याला भिती व्हय?"

तो चालत गेला. कॅनॉलच्या कडेनं, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून. त्याची आई दुपारी आली, असं मला नंतर कळलं. काकूंनी तिला चहा दिला आणि सगळं दोनदा सांगितलं.

मला पहिल्या घरी पोचायला बावीस मिनिटं उशीर झाला होता. शीर पहिल्या टोचणीत सापडली.

*

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. आबा ओट्यावर, म्हस्कूतात्या खाटेवर, अविराज दारात.

"बिबट्या न्हाय म्हण," आबा म्हणाले.

"न्हाय."

"किती दिस?"

"सतरा."

"मला सांगायचं."

"तुमी थांबवलं असतं."

आबा खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "व्हय. थांबवलं असतं."

"आता?"

आबांच्या आधी अविराज बोलला. "उद्यापास्नं मी मागं. इषय संपला."

"मागं एक हुताच," मी म्हणाले. "आणखी नगं."

तात्यांना ठसका लागला. आबा हसले नाहीत. "आणि मी न्हाय म्हटलं तर?"

"तर म्हणा. पण मी जाणार, आबा. खोटं बोलून गेले, आता सांगून जाईन. एवढाच फरक."

आत आईनं भांडं जरा जोरात ठेवलं. आबांनी हात पुढे केला. "आण तो भोंगा हिकडं."

मला वाटलं, गेला. त्यांनी तो उलटासुलटा बघितला, बटण दाबलं, माझा बिबट्या दोनदा ऐकला, बंद केला.

"हे पूस. पुन्यांदा ह्याच्यावर कोण येणार न्हाय."

मग आम्ही नवीन भरायला बसलो. पहिल्या वेळी मध्येच म्हैस ओरडली. दुसऱ्या वेळी तात्या म्हणाले, "आवाज बारीक काढू नगं, तू काय मागायला चालली न्हाईस." तिसऱ्या वेळी आई बाहेर आली, म्हणाली, "गावाचं नाव आधी घाल. लोकास्नी कळू दे कुणाची हाय," आणि पुन्हा आत गेली.

चौथ्या वेळी जमलं: "मी लासुर्ण्याची स्वरूपा. कॅनॉलच्या वाटेवर हाय. माज्या मागं माणूस लागलाय. या." वीसपैकी नऊ सेकंद. उरलेल्या अकरात काय घालायचं यावर अविराज आणि तात्यांचं भांडण लागलं. मी ते मोकळे ठेवले. तिथं गाडीचा नंबर बसेल, लागला तर.

शुक्रवारी दुपारी आबा आणि मी चौकीत जाऊन लेखी देऊन आलो. वहीची पानं जोडली.

शनिवारी पहाटे मी निघाले. काठी ओट्याला टेकवून ठेवली, कोयता अविराजला परत दिला. मिरचीपूड आईनं भाजीत घातली. वस्तीजवळ आल्यावर मी भोंगा एकदा वाजवला, नवा, पूर्ण नऊ सेकंद. फक्त काकूंना सांगून ठेवलं होतं, चाचणी म्हणून.

पाचजण आले. काकू म्हणाल्या, "बघ, तीन वाढलं."

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी ही वाट धरली, तेव्हा इथल्या एकाही वस्तीवरून लॅबला रक्ताचा नमुना जात नव्हता. आता डबा भरून जातो.