कंबर शहाण्णव

सर्रर्र... टक्.

रविवारची दुपार होती. बाहेर मेलबर्नचा जून, म्हणजे तिथला हिवाळा, चार वाजताच दिवे लावावेसे वाटणारं आभाळ. जुई सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन झोपली होती आणि सुखदा शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती, शर्टाच्या बटणाचाही आवाज होऊ न देता. मूल झोपलं की आईच्या हातांनासुद्धा चोरपावलं येतात. त्या शांततेत गॅरेजमधून तो आवाज आला. मोजायची पोलादी टेप हातातून सुटून डबीत शिरते, तसा.

तिने जुईचा फ्रॉक अर्धवट घडीतच ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा, सर्रर्र, टक्.

यतिन गॅरेजच्या लादीवर मांडी घालून बसला होता. पुढ्यात त्याच्या जुन्या स्की आडव्या टाकलेल्या.

"काय मोजतोयस?"

तो दचकला. आपल्याच गॅरेजमध्ये आपलीच वस्तू मोजताना माणूस दचकत नाही, हे सुखदाने तिथल्या तिथे मनात टिपून ठेवलं.

"कंबर," तो म्हणाला.

"कुणाची?"

"स्कीची गं. मधे हा अरुंद भाग असतो ना, त्याची रुंदी. अठ्ठ्याहत्तर मिलिमीटर."

"माझी कधी मोजली नाहीस ती."

"मोजली असती तर आज जिवंत असतो का?"

ती हसली. पण हसता हसता विचारलं, "मोजायची वेळ का आली?"

"नव्या घ्याव्या म्हणतोय. जरा रुंद." तो टेपकडे बघत बोलत होता, तिच्याकडे नाही. "आपल्याकडचा बर्फ कसा असतो माहितीये ना. सकाळी फरशी, दुपारी गार झालेली साबुदाण्याची खिचडी. या सळयांसारख्या स्की खिचडीत रुततात. रुंद असली की वर तरंगते. पण रुंद असूनही कार्व्ह झाली पाहिजे, तशी शोधतोय."

स्की कडेवर कलती करून, घसरत न जाता, सुरीने रेघ ओढावी तसं वळत जायचं, याला तो कार्व्ह म्हणतो. हे सुखदाला लग्नाआधीपासून पाठ होतं. यतिन आणि त्याचा मित्र श्रीनाथ युनिव्हर्सिटीत असताना दोन हिवाळे हॉथमच्या डोंगरावर एका लॉजच्या किचनमध्ये भांडी घासायला होते. पगार बेताचा, पण लिफ्टचा पास फुकट. ठाण्याची दोन पोरं सकाळी भांडी घासायची आणि दुपारी पडत-झडत स्की शिकायची. तेव्हापासूनचं हे वेड. सुखदाने ते सासरच्या माणसांसारखंच सांभाळून घेतलं होतं.

गेल्या ऑगस्टपर्यंत.

गेल्या ऑगस्टमध्ये यतिन आणि श्रीनाथ हद्दीच्या दोरीखालून पलीकडे गेले. दोरीच्या आत लिफ्ट असते, गस्त असते, पडलं तर उचलायला माणूस असतो. पलीकडे फक्त डोंगर. ते गेले तेव्हा लख्ख ऊन होतं, आणि मग असं धुकं उतरलं की आपले हात आपल्याला दिसेनात. श्रीनाथ पडला, पाय मोडला. त्यांना शोधून घसरगाडीवर खाली आणेपर्यंत अंधार पडला होता. तेवढा वेळ सुखदा लॉजच्या त्या कोंदट खोलीत बसून होती, जिथे लोक ओले बूट आणि मोजे वाळत घालतात. मांडीवर जुई. जुई एकेका मोज्याला नाव देत होती आणि सुखदा प्रत्येक नावाला हं म्हणत होती.

घरी आल्यावर तिने भांडण केलं नाही. मायक्रोवेव्हच्या वरच्या फळीवर देव आहेत, त्यांच्यासमोर तिने यतिनला उभं केलं, त्याचा हात धरला आणि जुईच्या डोक्यावर ठेवला.

"म्हण. दोरीबाहेर पाऊल टाकणार नाही."

यतिन म्हणाला. एका दमात, मान खाली घालून.

जुईला गंमत वाटली. "बाबाने माझ्या डोक्यावर हात का ठेवला?"

"म्हणजे मग शब्द मोडता येत नाही," सुखदा म्हणाली. "मोडला तर ज्याच्या डोक्यावर हात असतो, त्याला काहीतरी होतं." हे तिने जुईला सांगितलं खरं, पण बघत होती ती यतिनकडे.

आणि आता हा बाबा रुंद स्की घ्यायला निघाला होता.

सुखदा डँडेनॉन्गमध्ये चष्म्याच्या दुकानात काम करते. भिंगाचा मध्य मिलिमीटरभर इकडेतिकडे झाला तर गिऱ्हाईक डोकं धरून परत येतं. त्यामुळे मिलिमीटरला काय किंमत असते हे तिला कुणी सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून डबा खाताना ती फोनवर स्कीचे व्हिडिओ बघायला लागली. एका हातात पोळीचा घास, कानात कुणीतरी ऑस्ट्रियन. ऐंशीच्या आत कंबर म्हणजे सपाट केलेल्या बर्फासाठी. नव्वदीत म्हणजे सगळीकडे चालेल अशी. शंभरच्या वर गेलात की तुम्हाला कुणाचं पाऊल न पडलेला, गुडघाभर भुसभुशीत बर्फ हवाय. आणि तसा बर्फ कुठे असतो? दोरीपलीकडे. मग लबाडी कुठे लपेल तेही तिने शोधून काढलं. रुंद, पण कार्व्ह होणारी, असं म्हणता म्हणता माणूस एकशे आठवर जाऊन पोचतो.

"अठ्ठ्याऐंशी घे," तिने रात्रीच्या जेवणाला सांगून टाकलं.

यतिनचा घास हातात राहिला. "काय अठ्ठ्याऐंशी?"

"कंबर. तुला कार्व्हच करायचंय ना? मग जास्त रुंद कशाला? कडेवर यायला वेळ लागतो, घट्ट बर्फात गुडघ्यावर ताण येतो."

"तू कधीपासून..." त्याचा चेहरा उजळला. "अगं, एकशे दोन पण मस्त कार्व्ह होतात हल्ली. आत धातूचे पत्रे घालतात, कडक राहते."

"एकशे दोन? दुपारच्या खिचडीसाठी?"

"बरं, अठ्ठ्याण्णव."

"नव्वद."

"सुखदा, भाजी घेतोय का आपण?"

"भाजीवर माझा संशय नसतो."

यतिनने हातातला घास तोंडात टाकला. जुई दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत वरणभात गिळत होती. शेवटी शहाण्णववर आले. पण अटी सुखदाच्या. आत धातू हवा, वळणाचा घेर लहान हवा आणि पायाखाली कमान हवी, म्हणजे कड बर्फाला चावून धरेल. थोडक्यात, सपाटीवर पळणारी, दोरीआड सुखाने नांदणारी स्की. आणि घ्यायला आपण तिघंही जायचं.

"डन," यतिन म्हणाला.

लगेच म्हणाला. तेच तिला खटकलं. टूथपेस्ट बदलायची तरी आठवडाभर वाद घालणारा माणूस.

शनिवारी दुकानात तिने त्याला बोलूच दिलं नाही. नाकात रिंग घातलेली एक हसरी मुलगी एकेक जोडी काढून देत होती. सुखदा स्कीचं मागचं टोक जमिनीला टेकवायची आणि मधे तळहात दाबून स्की किती वाकते ते बघायची, चष्म्याच्या फ्रेमची काडी तपासावी तशी. दोन जोड्या तिने बाद केल्या. एक मऊ म्हणून, एक यतिनला फार आवडली म्हणून. तिसरी, निळी, शहाण्णव, कडक. तिच्यावरून बोट फिरवताना ती मनातल्या मनात म्हणाली, जा आता कुठे जातोस ते.

"युअर वाइफ नोज हर स्टफ, मेट," मुलगी यतिनला म्हणाली. मग विचारलं, "बाइंडिंग्ज कुठली लावायची?"

बाइंडिंग म्हणजे बूट जिथे अडकतो ती पकड. नेमकं तेव्हाच जुईने सुखदाची बाही ओढली. "आई, शू. नाऊ नाऊ नाऊ."

टॉयलेट मागच्या पार्किंगच्या पलीकडे निघालं. त्या दोघी परत आल्या तेव्हा यतिन दारात उभा होता. "नो वरीज, झालं सगळं. फिट करून आठवड्याने देतील. मीच आणेन, तुला कशाला हेलपाटा."

गाडीत तो शीळ घालत होता. सुखदाही, खरं तर, खूश होती. जुईच्या गरम पंजात तिची दोन बोटं होती. तिला वाटलं, उगाच आपण पोलीस झालो होतो.

नव्या स्की आल्या, गॅरेजच्या भिंतीवर टांगल्या गेल्या. तिने येताजाता नजर टाकली. निळ्या, देखण्या. कंबर तिने एकदा टेप लावून मोजूनही बघितली. शहाण्णव म्हणजे शहाण्णव.

मग एका दुपारी ती कामावरून आली, तिच्यावर घर सोपवून यतिन भाजी आणायला बाहेर पडला, आणि जुई घरभर चार पायांवर धावत होती. फ्रॉकला मागे केसांच्या क्लिपने एक लांबलचक शेपटी लावलेली.

"आय ॲम अ पॉसम!" पॉसम म्हणजे इथला मांजराएवढा, लांब शेपटीचा प्राणी, रात्री घरांच्या छपरांवर धावणारा.

"अगंबाई, पॉसम का? मग रात्रभर छपरावर नाचणार तू." तिने पॉसमला उचलून कडेवर घेतलं, मानेचा पापा घेतला. शेपटी हाताला लागली. जांभळी, मखमलीसारखी. एका बाजूने हात फिरवला तर मऊ. उलट फिरवला तर खरखरीत, बोटाला अडवणारी. दुसऱ्या अंगाला सुकलेल्या गोंदाचा चिकटपणा.

"ही कुठून आणलीस?"

"बाबाने दिली. ही वॉज कटिंग. यू वेअर ॲट वर्क."

सुखदाने पुन्हा एकदा उलटं बोट फिरवलं. डबा खाताना बघितलेल्या त्या व्हिडिओंपैकी एकात ही पट्टी होती. स्कीच्या तळाला चिकटवतात. लव पुढे सरकू देते, मागे घसरू देत नाही. प्रत्येकाने आपापल्या स्कीच्या रुंदीप्रमाणे कडा कापून घ्यायच्या असतात, त्याच या कापलेल्या कडा. ही पट्टी लावून माणूस बर्फाच्या डोंगरावर पायी चढतो. लिफ्ट असलेल्या डोंगरावर कोण कशाला पायी चढेल?

जुईला खाली ठेवून ती गॅरेजमध्ये गेली. एक स्की भिंतीवरून उतरवली आणि पहिल्यांदाच कंबर सोडून पकडीकडे बघितलं. पुढच्या भागावर एक खिट्टी होती, जुन्या स्कीला नव्हती तशी. तिने अंगठ्याने ओढली.

टक्.

पकडीचा पुढचा भाग बदलला, दोन छोटे काटे बाहेर आले. हेही त्या व्हिडिओत होतं. या काट्यांवर बुटाचं फक्त पुढचं टोक धरलं जातं, टाच मोकळी राहते. टाच मोकळी म्हणजे चालता येतं. तिने महिनाभर रुंदीवर पहारा ठेवला होता. एकेका मिलिमीटरला भांडली होती, स्वतः हाताने वाकवून स्की निवडली होती. आणि तो टाचेतून निसटला होता.

फोस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानांतून मेथी आणि नारळ घेऊन यतिन आला. गॅरेजच्या दारातच त्याला खिट्टी उघडलेली स्की दिसली आणि तिच्या हातातली जांभळी फीत. क्लिपमधून तिने ती कधी काढून आणली, हे तिलाही कळलं नव्हतं. त्याने पिशवी खाली ठेवली.

"लिफ्ट वाऱ्याने बंद पडते कधीकधी," तो म्हणाला. "तेव्हा दोरीच्या आतच चढायला..."

"यतिन."

नारळ पिशवीतून घरंगळत गाडीच्या चाकाशी गेला. कुणी उचलला नाही.

"श्रीनाथ जाणारे," तो हळू म्हणाला. "त्याच जागी. पाय मोडल्यापासून तो नीट झोपत नाही गं. म्हणतो, एकदा तिथे उभा राहून येतो, मग सुटेल. सप्टेंबरात, हवा बघून. मी नाही म्हटलं तर एकटा निघेल तो. एकट्याला कसा सोडू? त्या दिवशी दोरी मी आधी ओलांडली होती, सुखदा. तो माझ्यामागे आला."

हे तिला आजवर माहीत नव्हतं. राग जिथे चढत होता तिथेच अडखळला.

"मग मला सांगायचंस."

"तू हो म्हणाली असतीस?"

तिने ती जांभळी फीत बोटाभोवती गुंडाळली.

"या वेळी सगळी तयारी आहे. बर्फात गाडलेल्याला शोधायचं यंत्र घेतलंय, बरोबर दोन अनुभवी माणसं आहेत, गस्तीवाल्यांना कळवून..."

"आणि शब्द दिलास तो?"

"तू द्यायला लावलास." आवाज चढला तसा त्याने तो लगेच खाली आणला. "शपथबिपथ तूसुद्धा मानत नाहीस. मानतेस का खरं सांग? मित्राचा जीव मोठा की..."

"की काय? पुढे बोल ना."

घरातून गॅरेजकडे येणाऱ्या पायरीवर पॉसम उभा होता. शेपटी गेलेला, मोकळी क्लिप फ्रॉकला लोंबणारा. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. जुईने आईच्या हातातली पट्टी बघितली, बाबाच्या पायाशी पडलेली मेथी बघितली. मग तिचा हात सावकाश वर गेला आणि तिने तो आपल्याच डोक्यावर ठेवला, बरोबर भांगावर.

"आई, बाबा रोपच्या बाहेर जाणार?"

जुई खाली आली, सुखदाच्या गुडघ्याला बिलगली आणि मान वर करून तिच्याकडे बघत राहिली. रडत नव्हती. औषध कडू आहे का ते आधी विचारून घेतात मुलं, तशा आवाजात तिने विचारलं,

"मग मला काय होणार?"