बदाम निघाला फिरायला

मुलांनो, डोळे मिटा बघू. अरे, पण मिटले तर वाचणार कसं? बरं, उघडेच ठेवा आणि मनातल्या मनात एक बेकरी उभी करा. मागे भट्टी, पुढे काचेचं कपाट, आणि मधल्या टेबलाखाली मांडी ठोकून बसलेली एक मुलगी. ती एका जागी कधी ठरत नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. आज मात्र बाईसाहेब जागच्या हललेल्या नाहीत. कात्री कचाकचा चालते आहे, जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर डोकावते आहे, आणि भोवती लाल कागदाच्या बदामांचा सडा पडला आहे.

उद्या व्हॅलेंटाइनचा दिवस. वर्गात प्रत्येकानं प्रत्येकाला कार्ड द्यायचं, असं बाईंनी सांगितलं होतं. बाकीच्यांची कार्डं भिंगरीनं भराभर उरकली. एकेक बदाम चिकटवला की झालं. तिचा जीव अडकला होता तो घुमीच्या कार्डात.

घुमी तिच्या बाकावरची मैत्रीण. दोघींची आठवडाभर कट्टी चालली होती. कशावरून? तर खिडकीजवळच्या जागेवरून. या दोघी भांडत राहिल्या आणि तिथं तिसराच मुलगा जाऊन बसला, तरी कट्टी आपली सुरूच! भिंगरीनं दोनदा हाक मारून पाहिली होती. पण घुमी मुळातच कमी बोलायची. कट्टीत तर तिच्या तोंडाला कुलूप. आता हे कार्ड पाहून बोलली तर बोलली.

म्हणून या कार्डावर बदामावर बदाम, असे पाच थर लावायचे होते. आणि ऐन वेळी डिंक संपला.

"बाबा, डिंक आहे?"

"हात बघ माझे. मी कुठून देऊ डिंक?" बाबा कागदाच्या कोनातून साखरेचं पांढरं आयसिंग पिळून केकवर फुलं बसवत होते.

भिंगरी टेबलाखालून वर आली. "हे पक्कं चिकटतं?"

"न चिकटायला काय झालं? तीन मजली केक उभा राहतो याच्यावर!"

तीन मजली केक राहतो, तर पाच मजली कार्ड का नाही राहणार? बाबांची पाठ वळली आणि कोन टेबलाखाली गेला. कार्ड झालं झकास. भिंगरीनं ते पिशवीत घातलं आणि पिशवी तिथंच, बेकरीच्या फरशीवर ठेवून दिली.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. भिंगरीला नाही कळलं. तिला सांगायला तुम्ही तिथं नव्हतात ना!

दुसऱ्या दिवशी वर्गात घुमीनं कार्ड उघडलं. पाहिलं. बाकावर ठेवलं. चेहरा दगडासारखा.

तेवढ्यात वरचा बदाम हलला. आधी थोडा डुलला, मग कार्डावरून उतरला आणि बाकावरून चालू लागला. त्याच्याखाली मुंग्याच मुंग्या! त्यांनी साखर खाल्ल्यामुळे बदाम मोकळा झाला होता आणि आता त्याला घेऊन त्यांची वरात निघाली होती. बाकाच्या कडेला बदाम तोल जाऊन खाली पडला. मुंग्या मागोमाग उतरल्या आणि त्यांनी तो पुन्हा उचलला.

"अगं, बघत काय बसलीस? माझा आहे तो!" घुमी ओरडली.

बोलली! भिंगरीनं धाडकन जमिनीवर लोटांगण घातलं. घुमीही शेजारी पालथी पडली.

"धरू?" भिंगरीनं विचारलं.

"नको गं वेडे, चिरडतील त्या! मागे मागे जाऊ. बघू तरी कुठं नेतायत."

दोघी कोपरांवर सरकत निघाल्या. खिडकीजवळच्या जागेवरचा मुलगा दचकला. "ए, माझ्या पायाशी काय करताय?"

"पाय वर घे की! दिसत नाही, कोण चाललंय?" घुमी म्हणाली. आठवडाभराचं साठलेलं बोलणं तिच्या तोंडून भसाभसा बाहेर येत होतं.

"खाली काय गोंधळ आहे?" बाईंनी विचारलं.

"बाई, आम्ही बदामाबरोबर चाललोय!"

आम्ही! भिंगरीच्या कानांना इतकं गोड काही आठवडाभरात ऐकू आलं नव्हतं. तिनं पुढं पाहिलं. भिंतीतली फट आता वीतभरावर आली होती. मुंग्या तिथं पोचल्या की संपलं. मग उठायचं, बाकावर बसायचं, आणि घुमी पुन्हा गप्प झाली तर?

भिंगरीनं हळूच मागे सरकून बाकावरचं कार्ड ओढून आणलं, नखानं उरलेली साखर खरवडली आणि फटीच्या अलीकडे चिमूट टाकली. मग दुसरी चिमूट जराशी डावीकडे, तिसरी बाईंच्या टेबलाखाली, आणि पुढं थेट वर्गाच्या त्या टोकापर्यंत.