अठरावी खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. सागवानी, दोन हातांची, वेताच्या बैठकीची. सध्या माझा मुक्काम घाटकोपरच्या भटवाडीत, एका चाळीच्या गॅलरीत आहे. माझ्यावर रॉकेलचा डबा ठेवलेला असतो आणि डब्यावर कुणाचा तरी ओला टॉवेल. मित्रांनो, हसू नका. मला घडवलं होतं ते एका सुलतानाने बसावं म्हणून.

तो सुलतान आला नाही. ती गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच निघालं.

एडन हे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात तुरुंगापुरतं वाचलं असेल. अरबस्तानच्या टोकाला हे बंदर आहे. एके काळी त्याचा कारभार चक्क मुंबईहून चालायचा, त्यामुळे तिथे आपली माणसं पुष्कळ. मला घडवणारा भिकाजी मेस्त्री त्यातलाच एक. गाव मालवणजवळ, हात सुताराचा आणि जीभ पटाशीसारखी. एडनच्या आसपास डोंगरांत आणि वाळवंटात लहान लहान राज्यं होती. कुणी सुलतान, कुणी अमीर, कुणी शेख. सगळे इंग्रजांच्या संरक्षणाखाली. संरक्षण म्हणजे काय, तर छत्री साहेबाची, आणि ती कुणाच्या डोक्यावर किती धरायची तेही साहेबच ठरवणार.

१९५९ साली साहेबाने त्यातली सहा राज्यं गोळा करून एक संघराज्य उभं केलं. मग आणखी काही आली, एडनलाही आत ढकललं गेलं, आणि आकडा सतरावर पोचला. नवा झेंडा झाला : काळा, हिरवा, निळा, आणि मधोमध पांढरी चंद्रकोर नि चांदणी. नवी राजधानी झाली, तिचं नाव अल-इत्तिहाद, म्हणजे एकी. आता एकी बसणार कशावर? म्हणून भिकाजीला खुर्च्यांचं काम मिळालं.

सगळ्या खुर्च्या अगदी एकसारख्या हव्यात अशी ताकीद होती. एक जरी बोटभर उंच झाली असती, तर बाकीचे सोळाही जण उठून गेले असते. भिकाजीने एकाच मापाच्या काठीवर सगळ्या बेतल्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर चंद्रकोर नि चांदणी कोरली. त्याच्या हाताखाली सालेम नावाचा तिथलाच एक गडी वेत विणायचा. दोघांची भाषा म्हणजे अरबी, हिंदी आणि हातवारे यांची मिसळ. माझे हात बसवताना सालेम म्हणाला, "मेस्त्री, ही माणसं जन्मभर गालिच्यावर बसली. नवा कुणी आला की सगळे जरा गुडघे सरकवतात, होते जागा. तुझ्या खुर्च्यांना हात आहेत. आता सरकणार कसे?"

"साहेबाने हात सांगितले, मी हात केले," भिकाजी म्हणाला. "सरकायचं बिल वेगळं लागेल!"

दोघे खो खो हसले.

मी अठरावी. पूर्वेकडचं एक राज्य आज येईल, उद्या येईल असं साहेब म्हणायचा, म्हणून एक खुर्ची आगाऊ करून ठेवली होती. सभेच्या दालनात माझ्या डाव्या-उजव्या बाजूला माणसं बसत, भांडत, रुसत, कॉफी पीत. मी रिकामी. प्रत्येक सभेआधी साहेब माझ्यावरची धूळ झटकून घेई. एकदा भिकाजी माझा सैल झालेला वेत ताणायला आला, तेव्हा साहेबाने विचारलं, "ठीक आहे ना? ते कधीही येतील."

भिकाजीने मान हलवली. बाहेर येऊन मात्र सालेमला मालवणीतच म्हणाला, "खुर्ची केली म्हणान माणूस येता काय?" सालेमला शब्द कळले नाहीत, पण मुद्दा कळला.

मित्रांनो, हे वाक्य कोण बोललं ते लक्षात ठेवा.

पुढे एडनच्या रस्त्यांवर गोळ्या सुटू लागल्या. खुर्च्यांवर बसणारे एकेक करून पळाले, काही धरले गेले. १९६७च्या नोव्हेंबरअखेर साहेबाने छत्री मिटली आणि तो निघून गेला. ज्या देशासाठी मी जन्मले, तो धड नऊ वर्षांचाही झाला नाही. तुमच्या चौथीतल्या भावाएवढंही त्याचं वय नव्हतं.

त्या सतरा बहिणींचं काय झालं मला ठाऊक नाही. माझा मात्र कुणी धनीच नव्हता, कारण मी ज्याची तो आलाच नव्हता. त्या गडबडीत भिकाजीने मला गोणपाटात गुंडाळून मुंबईच्या बोटीवर चढवलं. धक्क्यावर सालेम आला होता. "ही कशाला नेतोस?" त्याने विचारलं.

"घरात बसेल कुणीतरी."

"जा तू. तुझं घर आहे तिथे. माझंही आहे तिथेच आहे," सालेम म्हणाला, "पण त्याचं नाव काय, ते मला उद्या कळणार."

भिकाजी यावर काहीतरी टोला हाणेल असं मला वाटलं. पण बोट सुटेपर्यंत त्याने सालेमचा हात सोडला नाही.

भटवाडीतल्या खोलीत भिकाजीची बायको सगुणा, दोन मुलगे जयवंत आणि नंदू, आणि धाकटी जया, एवढी माणसं होती. सगुणाने माझ्या पाठीवरची चंद्रकोर पाहिली आणि लगेच हळदकुंकू लावलं. शंकराचीच असणार, दुसऱ्या कुणाची? मी म्हटलं, बाई, एका अर्थी बरोबर आहे, माझंही राज्य स्मशानातच गेलं आहे.

खोली दहा बाय बाराची. तिथे घरची माणसं सतरंजीवर बसत आणि खुर्ची निघे ती पाहुण्यांसाठी. हा नियम कुणी भिंतीवर लिहिलेला नव्हता, पण मोडतही कुणी नसे. मुलगे कधी चुकून माझ्यावर टेकले तर सगुणा ओरडे, "उठ रे, पाहुणो लागान गेलंस काय?"

पाहुण्यांचे नमुने मी तेव्हा पारखायला शिकले. विमा एजंट टोकावर बसे आणि हळूहळू मागे सरके. पूर्ण टेकला की समजावं, सही झाली. शाळेचे मास्तर आधी हाताने वेत दाबून बघत. जयाला बघायला आलेल्या एका मुलाचा मामा चहा यायच्या आधीच पाय पसरून, दोन्ही हातांवर कोपरं रोवून बसला. हा मागणार, असं मी तेव्हाच त्याच्या नावावर मांडून ठेवलं. त्याने मागितलं. "काका, खुर्ची आवडली असेल तर तेवढी न्या," जया आतून म्हणाली, आणि ते स्थळ संपलं. पुढे तिला विक्रोळीचं चांगलं घर मिळालं.

जयवंत आणि नंदू एकाच गिरणीत लागले. दोघे एकाच ताटात जेवत. मला वाटायचं, बरं झालं, आता कुणासाठी रिकामं थांबायला नको.

ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. पहिले काही महिने घरात उत्साह होता. मग सगुणाच्या बांगड्या गेल्या, मग चहातलं दूध गेलं. वर्ष उलटलं. नंदूची मुलगी तेव्हा सहा महिन्यांची. एका सकाळी तो गुपचूप डबा घेऊन निघाला आणि गिरणीच्या गेटातून आत गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीला कळलं.

"माझा भाऊ गेट ओलांडून गेला! मी उद्या तोंड कुठे दाखवू?" जयवंत म्हणाला.

"पोरीला दूध नाही, दादा."

"पोरं सगळ्यांनाच आहेत. तुझ्याच पोरीला काय सोन्याची भूक लागते?"

"तू राहा ना उपाशी, तुला कोण अडवतंय? माझ्या पोरीला तुझ्या संपात ओढू नकोस."

"हा ज्या घरात जेवेल, तिथे मी जेवणार नाही. बाबा, काय ते तुम्हीच सांगा."

भिकाजी एक वाकडा खिळा ठोकून सरळ करत बसला होता. जीभ एवढी धारदार, पण दोन मुलांच्या मधोमध ती चालेना. त्याने वर बघितलंच नाही. तो खिळा चांगला सरळ झाला. नंदू बायकोला, विमलाला, आणि मुलीला घेऊन मुलुंडला भाड्याच्या खोलीत गेला.

त्यानंतर भिकाजीने मला पुन्हा पॉलिश केलं, नवा वेत घातला, दाराकडे तोंड करून ठेवलं आणि बैठकीवर घडी केलेला पंचा घातला. "ही नंदूची," असं त्याने जाहीर केलं. त्या दिवसापासून मास्तर आले तरी सतरंजीवर आणि विमा एजंट आला तरी सतरंजीवर.

जया विक्रोळीहून मुलुंडला जाई, मुलुंडहून इकडे येई, आणि निरोप पोचवी. "बाबा, तो म्हणतो, मला बोलवायला कोण आलं?"

"घरच्या झिलाक काय अक्षता देवन बोलवूक जाव?" भिकाजी म्हणे. "खुर्ची ठेवलेली असा. येतलो."

एकदा सगुणा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "एडनात पण ठेवलेलीच होती मा खुर्ची?"

भिकाजीने माझ्यावरचा पंचा झटकून पुन्हा घडी केली. दुसऱ्या दिवशी त्याने मला पुन्हा पुसलं.

अशी जवळजवळ तीन वर्षं गेली. शेवटी पंच्याऐंशीच्या दिवाळीत जयाने दोघा भावांना धमकी दिली : "भाऊबीजेला दोघे एकत्र बसलात तर ओवाळीन. नाहीतर कुणालाच नाही, यापुढे कधीच नाही."

भाऊबीजेच्या संध्याकाळी तिने दोन पाट मांडले, शेजारी शेजारी, भोवती रांगोळी. जयवंत आधीच येऊन एका पाटावर बसला होता, भिंतीकडे तोंड करून. आणि नंदू खरंच आला. दारात चपला काढून उभा राहिला.

मी दाराकडे तोंड करून होते, म्हणून एक गोष्ट फक्त मला दिसली. जयवंतने मान वळवली नाही, पण त्याचा गुडघा सरकला. अगदी बोटभर. शेजारच्या पाटावर येणाऱ्याला मांडी घालता यावी एवढाच. तीन वर्षांचा राग त्या बोटभर जागेत विरघळला होता, मित्रांनो. नंदूने पाटाकडे पाऊल टाकलं.

"थंय नको!" भिकाजी ओरडला. आनंदाने त्याचा आवाज फाटला होता. "नंदू, हंय बस! ही तुझी खुर्ची. तीन वर्सां कोणाक बसूक देवक नाय मी!"

"बाबा, खाली बसतो ना. दादाच्या बाजूला."

"नाय नाय. माझ्या झिलान वरच बसूक होया. तुझो मान असा."

जयवंतचा गुडघा परत जागेवर आला. "बसा साहेब," तो म्हणाला. "खुर्ची पाहुण्यांचीच असते."

"दादा, गप रे!" जया म्हणाली. पण बोलून झालं होतं.

नंदूने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तो चेहरा मोडवेना म्हणून तो माझ्यावर बसला. टोकावर बसला, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसतात तसा. मी ज्याच्यासाठी ठेवलेली, तो आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर बसला होता, आणि मला ते वजन सोसवेना. जया ताट घेऊन आली. तिने आधी हात उंच करून नंदूला ओवाळलं, मग कमरेत वाकून जयवंतला. दोघांना एकदम ओवाळता येईना. एक भाऊ वर, एक भाऊ खाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडलं, आणि भिकाजीला वाटलं ते आनंदाचं.

नंदूने ओवाळणी घातली. करंजी हातात घेतली, पण खाल्ली नाही. "विमला वाट बघत असेल," म्हणून उठला.

"परत ये हां," भिकाजी दारातून म्हणाला. "खुर्ची तुझीच असा."

"हो बाबा," नंदू म्हणाला. "माहितीये मला."

त्या रात्री भिकाजी सगळ्या चाळीला सांगत फिरला, की माझा झील येऊन खुर्चीत बसला. झोपण्याआधी त्याने मला मायेने पुसलं, चंद्रकोरीच्या खाचेतली धूळसुद्धा काढली. तो एवढा आनंदात होता! ज्याने एडनला साहेबाचं हसं केलं होतं, तोच हा माणूस. मी लाकडाची आहे, मला ओरडता येत नाही. नाहीतर त्याच रात्री ओरडले असते, की अरे भिकाजी, धाव, मुलुंड काही लांब नाही.

पुढच्या भाऊबीजेला नंदू आला नाही. जयाने पाटही मांडले नाहीत. भिकाजी संध्याकाळभर दाराकडे बघत बसला. त्यानंतरच्या पौषात तो गेला, दोन दिवसांच्या तापाने. शुद्ध जाण्याआधी सगुणाला म्हणाला, "खुर्ची हलवू नको."

तेराव्याला खोलीभर सतरंज्या घातल्या होत्या आणि माणसं दाटीवाटीने बसली होती. नंदू दारात आला. त्याने केस काढलेले होते, जयवंतनेही. शेजारच्या कुणीतरी भलेपणाने मला पुढे ओढलं : "बस नंदू. बाबांनी तुझ्यासाठीच ठेवलीय ना."

जयवंत उठला. एका हाताने त्याने मला उचललं, माणसांवरून बाहेर नेलं आणि गॅलरीत ठेवलं. मग आत जाऊन आपल्या जागी बसला आणि म्हणाला, "सरका रे जरा. नंदूला बसू द्या."

सगळे सरकले. कुणाचा गुडघा, कुणाचा पदर, कुणाची मांडी. त्या एवढ्याशा खोलीत जागा झाली. खिडकीतून मला दिसत होतं. नंदू जयवंतच्या शेजारी बसला, त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखा रडला. हे पाहायला ज्याने असायला हवं होतं, त्याच्या फोटोला हार घातलेला होता.

मित्रांनो, मला पुन्हा पॉलिश करा, आत घ्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. एवढंच मागते. तुमच्या घरातून कुणी रागावून गेलं असेल, तर त्याच्या नावाने काही सजवून ठेवू नका. जाऊन बोलवा. आणि तो दारात आला, की जिथे बसला असाल तिथेच थोडे सरका. ज्याला जागा द्यायची तो माणूस, आणि ज्याला ती बघायची तो म्हाताराही, दोघे असेपर्यंत सरका.

संध्याकाळी सगुणा गॅलरीत येते. रॉकेलचा डबा उचलून खाली ठेवते, पदराने माझी चंद्रकोर पुसते. माझ्यावर ती कधीच बसली नाही, आताही बसत नाही. खालीच बसते, भिंतीला पाठ लावून. आणि बसता बसता, सवयीने, बाजूला थोडी सरकते.