आजीच्या वाट्याची पुडी

"मूठ कुणाची?" आश्रमातल्या बैठकीत बाबांनी विचारलं.

"माझी," खुर्चीवरच्या टेलरबाई म्हणाल्या.

"आणि पकड कुणाची?"

"मेलेल्याची!" अख्खं सभागृह ओरडलं.

मागच्या बैठकीला या टेलरबाईंना दोघांनी धरून आणलं होतं. मनगटं सुजलेली, बोटं एका अंगाला कललेली, पाण्याचा पेला उचलायचा तर दोन्ही तळव्यांत धरून. बाबांनी काहीतरी पुटपुटून तपकिरी पुड्या दिल्या होत्या. आज बाई आपल्या पायांनी चालत आल्या. बाबांनी सुईदोरा पुढे केला. बाईंनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि पहिल्याच फटक्यात सुई ओवली. लोकांनी तोंडात बोटं घातली. दुकान चालवायला मदत करणारी त्यांची थोरली लेक तर ढसाढसा रडली.

आता खरं सांगायचं तर त्या सुईत काही लबाडी नव्हती. सुई खरी, दोरा खरा, उघडलेली मूठही खरी. असल्या चमत्कारांची गोम हीच असते, की अर्धा भाग अगदी खरा असतो.

"हिच्या आईचा जीव शिलाई मशीनमध्ये अडकलाय," बाबा सांगू लागले. आवाज असा, जणू म्हातारीशी आत्ताच फोनवर बोलून आलेत. "त्या मशीनवर बसूनच गेली ना? बोटं वळलेलीच होती ना? मग! जी तिथे बसेल तिची बोटं ती धरणार. डॉक्टरला हाड दिसतं, हाड धरणारी दिसत नाही. विज्ञान थांबतं तिथून माझी पुडी सुरू होते! आणि ऐक माई, एक पुडी मशीनच्या खणात या पोरीच्या आजीच्या नावानं ठेवायची. तिचा वाटा आहे तो. हात लावशील तर मेलीस."

टाळ्यांचा कडकडाट झाला. थोरलीनं मात्र टाळी वाजवली नाही. आजीनंतर त्या मशीनवर आई बसली आणि आईची बोटं वळल्यावर तीच बसत होती. गेले काही महिने सकाळी उठलं की तिची बोटं मिटत नव्हती. ऊन वर येईपर्यंत साधं बटण लागायचं नाही. ती हात पांघरुणात लपवून पडून राहायची. कुणापाशी बोलली नव्हती, आईपाशी तर नाहीच.

पुड्या चालू राहिल्या. आईचा चेहरा भरत गेला, गाल गोल झाले. "काय तेज चढलंय!" शेजारीपाजारी म्हणायचे. भूक वाढली, झोप मात्र उडाली. आणि एका पहाटे थोरलीला मशीनचा आवाज ऐकू आला. खट्खट्, मग थांबून पुन्हा खट्खट्. आजी अशीच शिवायची, जरा थांबून थांबून.

थोरली उठली. दाराची कडी तिच्या ताठरलेल्या बोटांना निघेना. मनगटानं ढकलून एकदाची काढली. दुकानात अंधुक उजेड होता. मशीनवर पांढरे केस मोकळे सोडलेली एक बाई वाकून बसली होती. खाली कापड नव्हतं, सुई नुसतीच वरखाली होत होती. बाईनं मान वळवली. तो सुजलेला, गोल, डोळे लुकलुकणारा चेहरा थोरलीला ओळखू येईना. ती एक पाऊल मागे सरली.

"झोपच येत नाही गं," तो चेहरा आईच्या आवाजात म्हणाला.

थोरलीनं हुश्श केलं खरं, पण त्या दिवसापासून ती मशीनकडे पाठ करून बसेना.

मग बाबांनी खरी मागणी पुढे केली. आजीला मोकळं करायचं तर मशीन आश्रमात आणून द्या. आई हटून बसली, "माझ्या आईचं मशीन आहे, देणार नाही." बाबाही बधले नाहीत, "आधी मशीन, मग पुडी."

पुड्या बंद झाल्या आणि थोड्याच दिवसांत आई कोसळली. उलट्या, भोवळ, अंग गार घामानं थबथबलेलं. सगळे सांधे असे आखडले की कूस बदलवेना. खणातली आजीची पुडी तिला खुणावत असणार, पण मरणाच्या धाकानं तिनं खण उघडला नाही.

"बघा, म्हातारी चिडली," दारात उभा असलेला बाबांचा शिष्य म्हणाला. "हातगाडी आणलीय. मशीन चढवा, आत्ता उतरेल सगळं."

थोरलीची पाचावर धारण बसली होती. 'घेऊन जा,' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात आई पुटपुटली, "दिसत नाही गं मला नीट." आजी धरते ती बोटं, डोळे नव्हे! त्या एका वाक्यानं थोरली भानावर आली.

"हो बाजूला!" तिनं शिष्याला दारातून ढकललं आणि अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

"कुठलं औषध एकदम बंद केलंत?" दवाखान्यात सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आईचं ब्लडप्रेशर बघताच विचारलं.

"औषध नाही हो. मुळ्यांची पूड होती."

"आहे का शिल्लक?"

थोरली घुटमळली. शिल्लक होती ती आजीच्या वाट्याची. घरी जाऊन तिनं डोळे मिटून खण उघडला आणि पुडी उचलली. मेली नाही.

आईला सलाइन लागलं, इंजेक्शनं दिली, जीव थाऱ्यावर आला. पुडीची तपासणीही झाली. "मुळ्या नावाला आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्यात. त्यानं सांध्यांची सूज भराभर उतरते, म्हणून सुई ओवली. त्यानंच तोंड सुजलं, झोप उडाली, साखर वाढली. शरीर रोज थोडं स्टेरॉइड स्वतः बनवतं, पण बाहेरून मिळायला लागलं की ते काम सोडून देतं. मग एकदम बंद केलं की माणूस कोसळतो. ही चिडलेली आजी नव्हे."

"पण मशीनवर बसते तिलाच होतं ते," थोरली म्हणाली. "आजीला झालं, आईला झालं." आणि मग खाली मान घालून, "मलाही सुरू झालंय."

"दुसरं कुणीच बसलं नाही त्या मशीनवर?"

"आमचा जुना कारागीर बसायचा, कित्येक वर्षं. त्याला काही झालं नाही. पण तो घरचा नव्हता ना."

"आता कसं बोललात! तो घरचा नव्हता. आणि घरच्यांपैकी जे शिवत नाहीत, त्यांचे हात कधी बघितलेत?"

थोरलीनं कधीच बघितले नव्हते. शिवणाऱ्यांचं घर ते, हात बघायचे ते शिवणाऱ्यांचे. बाकीच्यांच्या हातांशी कुणाला काय देणंघेणं?

संध्याकाळी मावशी आली. तरुणपणी भांडून घर सोडलेली, जन्मभर लोकांना पोहायला शिकवत आलेली, सुई कशी धरतात हे न शिकलेली मावशी. हात कोटाच्या खिशात. थोरली तिच्याकडे बघतच राहिली.

"मावशी, हात दाखव."

"कशाला?"

"दाखव म्हणते ना!"

मावशीनं हात बाहेर काढले. तीच सुजलेली मनगटं, तीच एका अंगाला कललेली बोटं.

"मला वाटायचं," मावशी हळू म्हणाली, "मशीन सोडून पळाले म्हणून आईनं शाप दिला."

"आणि मला वाटायचं, मशीनवर बसले म्हणून धरलं," आई पलंगावरून म्हणाली. मावशीनं तिचा हात हातात घेतला. मग आईला रडू फुटलं. "बिचारी आई! जिवंतपणी राब राब राबली, आणि मेल्यावर आपण तिला भूत केलं गं."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. सांध्यांच्या या आजाराचा कल रक्ताच्या नात्यात उतरतो. कल उतरतो, आजार उतरेलच असं नाही. आईचं स्टेरॉइड हळूहळू कमी करू, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी मूत्रपिंड तपासून बेतानं सुरू करू, वय झालं म्हणून सोडून देणार नाही. "आणि तुम्ही," त्या थोरलीला म्हणाल्या, "वेळेवर बोललात. बोटं सरळ आहेत तोवर आलात."

पुढच्या बैठकीला थोरली सभागृहात उभी राहिली आणि पुडीतला माल काय तो सगळ्यांना सांगितला. बाबा क्षणभर चपापले, मग बोट रोखून गरजले, "हिच्या अंगात आजी शिरलीय! बघा!"

"शिरलीय कसली, होतीच," थोरली म्हणाली. तिनं दोन्ही हात वर केले. "नाक तिचं, आवाज तिचा, दुखण्याचा कलही तिचाच. आजी माझ्या रक्तात आहे, बाबा. भूत तुमच्या पुडीत होतं."

मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं खिशातली पुडी काढली. "मग फेकून देऊ का गं पोरी?"

"नका फेकू!" थोरली ओरडली. बाबांसकट सगळे चमकले. "एकदम बंद कराल तर माझ्या आईसारखे पडाल. ज्यांच्या घरी पुडी असेल त्यांनी ती सोबत घ्या आणि उद्या सकाळी डॉक्टरांकडे चला. देवाला माना, मानू नका, तुमची मर्जी. पण पोटात जातंय ते काय आहे, एवढं तरी विचारा. आणि सरळ उत्तर देत नाही त्याच्या हातचं खाऊ नका."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर पुड्या घेऊन म्हातारी माणसं बसली होती. थोरली त्यांना आत जायचा रस्ता दाखवत होती. आपले आखडलेले हात ती आज लपवत नव्हती.