आपोआपवाला लॉकर

"मी आता जे सांगणार आहे, त्यावर या गॅरेजातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही," थापेकाका म्हणाले आणि ऑइलच्या पालथ्या डब्यावर असे ऐसपैस बसले, की जणू तो डबा त्यांच्यासाठीच पालथा घातला होता.

रंगाऱ्याने हातातला पॉलिश पेपर लगेच खाली ठेवला. 'थापे' हे काकांचं आडनाव नव्हतं, ती त्यांची आयुष्यभराची कमाई होती. डोंगरावरच्या दवाखान्याची जीप चालवता चालवता त्यांनी तिला पुरात पोहायला लावलं होतं, एका लंगड्या अस्वलाला दवाखान्यापर्यंत सोडलं होतं आणि उतारावर ब्रेक गेले तेव्हा नुसत्या शिव्यांवर गाडी उभी केली होती. ऐकणाऱ्यांना सगळं ठाऊक असायचं. तरी हातातली कामं टाकून ते ऐकत बसायचे.

"काका, ते अस्वल मागं बसलं होतं की पुढं?" रंगाऱ्याने विचारलं.

"पुढं कसं बसेल? पुढच्या सीटवर डॉक्टर होते. आणि आज अस्वलबिस्वल काही नाही. आजचा मामला गंभीर आहे."

मामला खरंच गंभीर होता. आजवरच्या थापा काकांनी हौसेने मारल्या होत्या. कोणी मानल्या काय, न मानल्या काय, चहा कोणी बंद केला नव्हता. ही एक मात्र खपायलाच हवी होती.

झालं होतं ते असं. मागच्या आठवड्यात औषधांचे खोके घेऊन काका एकटेच वर निघाले होते. रस्ता सरळ, ऊन लख्ख, समोर चिटपाखरू नाही. आणि अशा रस्त्यावर जीपचं डावं अंग धाडकन कडेच्या चरात गेलं. चर काही त्या दिवशी उगवला नव्हता, वर्षानुवर्षं तिथेच होता. काकांना तो दिसला नाही, एवढंच. गेले काही महिने त्यांच्या डाव्या डोळ्याच्या कडेने कोणीतरी हळूहळू पडदा ओढत आणला होता. सुरुवातीला त्यांना वाटलं काच मळली आहे. त्यांनी काच पुसली, मग चष्मा पुसला, मग डोळा चोळला, आणि मग पुसणं सोडून दिलं. खडीचा ट्रॅक्टर मागून आला, साखळी लावून त्याने जीप बाहेर काढली. घरी येऊन काकांनी लेकीला सांगितलं, "चाक घसरलं."

लेक त्याच दवाखान्यात नर्स. बाळंतपणाची बाई असो की ताप चढलेलं मूल, जीपच्या मागच्या बाकावर पेशंटचा हात धरून हीच बसायची, आणि खाली दरी. ती बापावर चिडली नाही. उलट म्हणाली, "घसरतंय ना? मग न घसरण्याची सोय करू." डॉक्टरांकडे तिने विषय काढला, त्यांनी होकार दिला, आणि आज सकाळी ती बापाला आणि जीपला घेऊन थेट गॅरेजात हजर झाली. साधी घरगुती थाप होती ती, पण आता जीपबरोबर लिफ्टवर चढून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगली गेली होती.

मिस्त्री जीपखाली उभा राहून बॅटरीच्या उजेडात मागचा ॲक्सल बघत होता. "ताई, हा मधला गोल डबा दिसतोय ना? हे डिफरन्शियल. इंजिनाचा जोर इथे येतो आणि दोन्ही चाकांना वाटला जातो. वळणावर आतलं चाक हळू, बाहेरचं जोरात, ते याच्यामुळे जमतं. फक्त याला एक खोड आहे. एक चाक चिखलात किंवा हवेत गेलं, की ते नुसतं गरगरतं आणि जमिनीवरचं ढिम्म हलत नाही."

"म्हणजे जो काम करत नाही, त्याचीच धावपळ दिसते," रंगारी म्हणाला. "आमच्या मेहुण्यासारखं झालं."

"तुझ्या मेहुण्याला लॉकर बसत नाही, हिला बसतो," मिस्त्री म्हणाला. "त्यातही दोन तऱ्हा. एक बटणवाला. अवघड जागा दिसली की आधीच बटण दाबायचं. दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात आणि बरोबरीने फिरतात. जागा गेली की बटण सोडायचं. दुसरा आपोआपवाला. त्याला बटण नाही. तोच धरतो, तोच सोडतो. कटाकट वाजतो, आणि ओल्या वळणावर भलत्या वेळी धरला तर गाडीचं मागचं अंग बाहेर फेकतो."

"मग बटणवालाच," लेक म्हणाली.

"आपोआपवाला," काका म्हणाले.

दोघं एकदमच बोलले. लेकीने वळून बघितलं. "का हो बाबा? बटण दाबायचा कंटाळा आला का?"

"कंटाळा कसला? माणूस एकदा विसरतो. यंत्र विसरत नाही."

"विसरता? तुम्ही? माझ्या लग्नात कोणी किती लाडू खाल्ले ते तुम्हाला अजून पाठ आहे."

रंगारी हसला. काकाही हसले, पण कान मिस्त्रीच्या एका शब्दावर अडकले होते. मिस्त्री सहज बोलून गेला होता, 'अवघड जागा दिसली की'. बाकी सगळं काकांकडे होतं. बटण दाबायला बोट होतं, गिअर टाकायला हात होते, रस्त्याचा दगड अन् दगड डोक्यात होता. ते 'दिसली' तेवढं नव्हतं. लेक आणि पेशंट मागे बसणार, आणि आपण डाव्या बाजूची कड अंदाजाने ठेवणार, हे त्यांनी गेल्या आठवड्यात कितीतरी वेळा मनात येऊ दिलं होतं आणि तितक्याच वेळा हाकलून लावलं होतं. गाडी सोडायची तर मग करायचं काय? ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला अस्वल ऐकवायचं? डोळे नसले तरी चालेल असं काहीतरी त्यांना गाडीत हवं होतं. आपोआपवाला त्यांना तसा वाटला.

मिस्त्री हात पुसत बाहेर आला. "काका, एक सांगू? पेशंटच्या गाडीला आपोआपवाला बसवायला माझा जीव होत नाही. घाटातली वळणं, त्यात रस्त्यावर पाझर. आधी मला सांगा, त्या दिवशी नेमकं झालं काय? कुठलं चाक, कशावरून घसरलं? नुसते टायर बदलून भागणार असेल तर लॉकरची भानगडच नको."

सगळे काकांकडे बघायला लागले. म्हणून तर ते डब्यावर बसले होते, आणि म्हणून तर कोणी विश्वास ठेवणार नाही असं आधीच सांगून मोकळे झाले होते.

"वरचं वळण माहितीय ना? दरीच्या कडेचं? तिथे पोचलो आणि माझ्या डोळ्यांदेखत कड ढासळली. रस्ता असा बिस्किटासारखा तुटला. डावं मागचं चाक थेट दरीवर. हवेत! मी खिडकीतून वाकून बघितलं तर खाली, पार खाली, एक घार उडत होती आणि ती मान वर करून माझ्याकडे बघत होती."

"घार खाली?" रंगारी म्हणाला.

"खाली म्हणजे? मला तिची पाठ दिसत होती. आता ते चाक असं फिरायला लागलं, असं फिरायला लागलं, की त्याच्या वाऱ्याने ती घार उलटी उडत गेली. शेपटी पुढे, चोच मागे. झाडांची पानं झडली. मी श्वास घेत नव्हतो, म्हटलं श्वासाने गाडी हलायची. आणि उजवं चाक? जमिनीवर होतं, पण ढिम्म. जागचं हलेल तर शपथ."

मिस्त्रीने मान डोलावली. "बरोबर. असंच होतं. हवेतलं गरगरणार, खालचं थांबणार."

काकांच्या अंगात ऊब आली. मिस्त्रीने मान डोलावली होती. लेकही हाताची घडी सोडून पुढे वाकली होती, तिच्या कपाळावरची आठी सैल होत होती. काकांनी इथेच तोंड मिटलं असतं, तर लॉकर बसला असता आणि ते उद्या सकाळी पुन्हा स्टिअरिंगमागे बसले असते.

पण रंगाऱ्याला राहवलं नाही. "मग बाहेर कसे निघालात?"

खरं उत्तर होतं ट्रॅक्टर. ट्रॅक्टर म्हणावं तर तो ट्रॅक्टरवाला रोज याच रस्त्याने जायचा, लेकीने त्याला थांबवून विचारलं असतं. आणि खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. काकांच्या गोष्टीत काकांना आजवर कोणी साखळी लावून ओढलं नव्हतं. इतकी घार उलटी उडवून शेवटी ट्रॅक्टर आणायचा, हे त्यांच्या जिभेला मानवलं नाही.

"कसे म्हणजे? मी गाडीच्या डॅशबोर्डवर हात ठेवला. म्हटलं, बाई गं, इतकी वर्षं तुला जिवापाड जपलं, आज लाज राख. आणि काय सांगू! डावं चाक हवेतल्या हवेत गपकन थांबलं. उजव्याने खालचा दगड दातात धरल्यासारखा धरला, आणि त्या एकट्या चाकाने अख्खी जीप ओढून रस्त्यावर आणून ठेवली!"

"वा!" रंगाऱ्याने मांडीवर थाप मारली.

मिस्त्री हातातल्या फडक्याकडे बघत राहिला, मग त्याने काकांना सोडून लेकीकडे बघितलं. काकांच्या ते लक्षात आलं, पण का, ते कळलं नाही.

"मिस्त्री," लेक हळू म्हणाली, "डावं हवेत आणि उजवं जमिनीवर. लॉकर नसताना उजवं एकटं गाडी ओढू शकतं?"

मिस्त्रीने फडक्याची घडी घातली. ती नीट झाली नाही, म्हणून पुन्हा घातली. "नाही ताई. तेवढं जमत असतं तर लॉकर कोणी कशाला केला असता?"

"अगं, ती जुनी गाडी आहे, तिचं तंत्र वेगळं," काका घाईघाईने म्हणाले. "आणि उजवा टायर..."

बोलता बोलता ते थांबले. समोर उभी असलेली लेक आता तिथे नव्हती. रंगारी होता, मिस्त्री होता, लिफ्टवर जीप होती. ती कुठे गेली ते शोधायला काकांनी मान अख्खी डावीकडे फिरवली, तेव्हा ती अगदी त्यांच्या खांद्याशी उभी होती. तिचा हात त्यांच्या डाव्या गालाजवळ होता, आणि तो तिथे कधीपासून हलत होता ते देव जाणे.

रंगाऱ्याने पॉलिश पेपर पुन्हा उचलला.

"बाबा, खोटं," लेक म्हणाली. "चाक हवेत नव्हतंच, जीपच्या डाव्या अंगाला अजून कडेच्या चरातली माती आहे. तुम्हाला चर दिसला नाही."