अर्धी प्रदक्षिणा

औदुंबराला अर्धा वळसा घालून सुनीतीबाई पलीकडच्या बाजूला निघाल्या आणि त्यांचं नाक पत्र्याला लागलं.

पत्रा निळा होता, कोरा होता आणि काल सकाळपर्यंत तिथे नव्हता. काल दोघं नवराबायको सदाशिव पेठेत नणंदेकडे पूजेला गेले, रात्री उशिरा आले, तेवढ्यात रस्त्यापासून मागच्या भिंतीपर्यंत सरळ रेघ ओढावी तसा तो उभा राहिला होता. औदुंबराच्या बुंध्याला दोन्हीकडून येऊन चिकटला होता. पूर्वी तिथे मेंदीचं कुंपण होतं, पण झाडाच्या अलीकडेपलीकडे त्यात माणूस जाईल एवढी वाट होती. धायरीत घर बांधल्यापासून सुनीतीबाईंच्या पावलांनी पाडलेली.

त्यांच्या तोंडून "अगंबाई" निघणार होतं, ते त्यांनी गिळलं. चातुर्मासात उठल्यापासून प्रदक्षिणा पूर्ण होईपर्यंत बोलायचं नाही, असा त्यांचा नेम होता. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून "थांबा, जोडून देते" म्हणण्यात गेली. लोकांना लोकांशी जोडता जोडता आपलं देवाशी बोलायचं राहिलं, असं निवृत्त झाल्यावर त्यांना वाटलं आणि देवाशी बोलायचं तर आधी आपण गप्प बसावं, हे त्यांनी ठरवलं.

त्यांनी टाळ्या वाजवल्या. वैजनाथराव पेपर घेऊन बाहेर आले.

"काय गं? साप?"

सुनीतीबाईंनी पत्र्याकडे हात केला.

"पत्रा आहे. दिसतंय मला. डोळ्याचं ऑपरेशन झालंय माझं." मग त्यांनाही नीट दिसलं. "अहो ज्ञानदेव! बाहेर या जरा."

पत्र्यावरून शेजारच्या ज्ञानदेवाचं डोकं वर आलं. पलीकडे तो बादलीवर उभा असावा, कारण डोकं हलत होतं. या सगळ्या जमिनी एके काळी त्याच्या वडिलांच्या, गेनबाच्या. हा प्लॉटही त्यांच्याकडूनच घेतलेला.

"काका, मी काकूंना इचारलं होतं की! परवा सकाळी, हिथंच. म्हणलं, पत्रं मारून घेतो, चालंल ना? तर काकूंनी असा हात केला." ज्ञानदेवाने कॅलेंडरवरच्या देवासारखा तळवा पुढे धरला. "मला वाटलं आशीर्वादच दिला. मी पाया पन पडलो."

"पडलात खरे. मी खिडकीतून पाहिलं. म्हटलं, वाढदिवस असेल."

सुनीतीबाईंनी कपाळावर हात मारला. तो तळवा 'थांबा' म्हणत होता. फेऱ्या होऊ देत, मग बोलते, एवढंच.

"अन् पत्रं मी हौसंनं मारलं व्हय? तुमीच म्हनालात, भाडेकरू पोरांच्या गाड्या आमच्या हद्दीत येत्यात. आता येनार न्हाईत."

यावर वैजनाथरावांना पेपरात काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

ज्ञानदेवाच्या डोक्याशेजारी त्याच्या बायकोचं, मैनाचं डोकं आलं. "काकू, महादेवाला कशी अर्धीच घालत्यात, तशी घाला की. जायचं अन् माघारी यायचं."

सुनीतीबाईंनी मान जोरात हलवली. महादेवाची गोष्ट वेगळी, तिथे तीर्थाची पन्हळ ओलांडायची नसते म्हणून माघारी फिरायचं. दत्तमहाराजांना कुणी अर्ध्यातून पाठ दाखवतं का? हे सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. मैनाला त्यातून "पन्हळ गळतेय" एवढंच कळलं आणि ती आपल्या घराच्या छपराकडे बघायला लागली.

वैजनाथरावांच्या डोक्यात मात्र वेगळाच उजेड पडत होता.

"म्हणजे फेरी पुरी होत नाही तोवर तू बोलणार नाहीस?"

सुनीतीबाईंनी मान डोलावली.

"आणि पत्रा आहे तोवर फेरी पुरी होणार नाही."

पुन्हा मान.

वैजनाथरावांनी पत्र्याकडे प्रथमच आदराने पाहिलं.

पण तो आदर दुपारपर्यंतच टिकला. चष्मा कुठे आहे, गोळी सकाळची की रात्रीची, गवळ्याला काय सांगायचं, या घरातल्या सगळ्या गोष्टी आजवर बायकोच्या बोलण्यावर चालल्या होत्या, हे त्यांना भुकेल्या पोटी कळलं. मिठाची खूण त्यांनी साखर अशी वाचली आणि आमटी तशीच खाल्ली. संध्याकाळी ते स्वतः पत्र्यापाशी जाऊन ओरडले, "ज्ञानदेव, मोजणी करा! झाड आमचं आहे. पत्रा झाडाच्या पलीकडे गेला पाहिजे!"

"करू की! उद्याच बोलावतो संपतला. दूध का दूध होऊन जाऊ दे!"

सुनीतीबाई देवापुढे बसून होत्या. झाड आपलंच, याविषयी त्यांनाही शंका नव्हती. घर बांधलं त्या वर्षी मेंदीच्या कडेला एक हातभर दगड दिसला आणि त्याच्या आडोशाला औदुंबराचं इवलंसं रोप. कुणी लावलं नाही, आपणहून आलं. दगडाला त्यांनी दत्तमहाराजांचं ठाणं मानलं. रोज पाणी, गंध, फूल, खडीसाखर. तेलपाण्याने तो काळाभोर झाला होता. त्याच्या माथ्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन चिरा होत्या. गंध लावताना बोट आपोआप त्या चिरांतून फिरायचं. कसली तरी जुनी खूण असेल, पवित्र, असं त्यांना वाटे.

सकाळी संपत मोजणीवाला टेप घेऊन आला. त्याने झाडालगतचे दोन्ही पत्रे काढायला लावले, नकाशा पाहिला, पुन्हा पाहिला.

"हद्दीचा दगड कुठाय? दगडाशिवाय टेप कुठनं धरू?"

"हाय की," ज्ञानदेव म्हणाला. "बानं रोवलावता. चुलत्याशी भांडनं झाली, तवा रागारागात. कुणी हलवू नये म्हनून वर छिन्नीनं फुली हानली होती. तुमचा प्लॉट बी त्याच्यापासनंच मोजून दिलता. हिथंच कुठंतरी मेंदीत आसल."

सगळे मेंदीच्या बुडख्यांत शोधायला लागले. मैना काठीने पाला उकरत होती. वैजनाथराव दुसऱ्याच कोपऱ्यात दगड उलटे करत होते.

सुनीतीबाईंचं उजवं बोट आपोआप हललं. दोन चिरा. फुली.

त्यांनी दगडाकडे पाहिलं, मग बुंध्याकडे. दगड अलीकडे, बुंधा पलीकडे. ही जर हद्द असेल, तर झाड मुळापासून ज्ञानदेवाचं होतं. आणि दगडावर एवढं कुंकू चढलं होतं की खुद्द गेनबा आला असता तरी त्याला ओळखता आला नसता.

शिवाय त्यांचं मौन होतं. कालपासून सुटलेलंच नव्हतं. न बोलणाऱ्या बाईला कोण विचारणार?

"सापडत नाही," संपत म्हणाला. "मग झाड धरूनच अंदाज करावा लागेल."

"धरा, धरा," वैजनाथराव म्हणाले.

सुनीतीबाई खाली बसल्या. तांब्यातलं पाणी त्यांनी दगडावर ओतलं आणि पदराच्या टोकाने माथा घासायला लागल्या. कुंकू गेलं, गंध गेलं, तेलाचा थर गेला. मग त्यांनी बोट ठेवलं. या खेपेला त्या हाताचा दुसरा अर्थ कुणाला लावता येण्यासारखा नव्हता.

संपतने आधी चपला काढल्या. मग विचारलं, "देवाला टेप लावली तर चालेल ना?"

ज्ञानदेव उकिडवा बसला. फुलीवरून त्याने अंगठा फिरवला. "बाचीच हाय," एवढंच म्हणाला.

मैनाला मात्र हसू आवरेना. "अगं बया! काकू, एवढी वर्सं आमच्या मामंजींना रोज आंघोळ घालताय व्हय? जित्तेपनी आठ-आठ दिस पान्याला शिवायचे न्हाईत! अन् निवद काय दावता?"

"खडीसाखर," वैजनाथराव पडलेल्या आवाजात म्हणाले.

"तरीच! तंबाखू लागायची त्यांना!"

टेप दगडावरून सरळ गेली. औदुंबर सगळाच्या सगळा ज्ञानदेवाच्या आवारात होता.

"म्हणजे," वैजनाथराव म्हणाले, "मोजणी मागून मागून आम्ही असलेलं झाड घालवलं."

पत्रे अजून बाजूलाच होते. सुनीतीबाई उठल्या, हात जोडले आणि मोकळ्या वाटेने झाडाभोवती फिरल्या. कालच्या आणि आजच्या, दोन्ही दिवसांच्या फेऱ्या पुऱ्या झाल्या तेव्हा त्या ज्ञानदेवापुढे थांबल्या.

"ज्ञानदेव, त्या दिवशी मी 'थांबा' म्हणत होते."

"आता कळलं, काकू. ऱ्हाऊ द्या, पत्रा व्हता तिथंच, झाडापाशी लावतो."

"नको. दगडापासून लावा. आणि ओळंब्यात लावा, आधीचा वाकडा होता."

"अन् तुमचं फेरं?"

"आमच्या फाटकातनं येतील की," मैना म्हणाली. "फाटक काय मोडलंय का?"

दुसऱ्या दिवशी सुनीतीबाई तांब्या घेऊन शेजारच्या फाटकातून आत गेल्या. दगड बरोबर पत्र्याच्या रेघेत आला होता. ज्ञानदेवाने तेवढा पत्रा कापून घेतला होता. पलीकडे स्वतःच्या अंगणात त्यांच्या पावलांची अर्धगोल वाट पत्र्याला येऊन संपलेली त्यांना त्या फटीतून दिसली. वैजनाथरावांनी तिच्यावर खुर्ची टाकली होती.

मैना गाऊनवर टॉवेल टाकून भांडी घासत होती. काकू बोलणार नाहीत म्हटल्यावर तिला सगळंच बोलता येत होतं.

"हिथं हरभरा आसायचा, काकू. मामंजी या दगडावर बसून राखन करायचे. मग गुंठा गुंठा गेला. आधी नणंदांची लग्नं, मग ह्यांची गाडी. आता भाडेकरू पोरं म्हनत्यात, मावशी, गाव कुठलं तुमचं? काय सांगू, हेच की!" तिने तवा खळखळून विसळला. "मामंजींच्या हातचं बघा तेवढा दगडच ऱ्हायला."

शेवटची फेरी झाली. सुनीतीबाईंनी दगडावर पाणी घातलं, फुलीतून गंधाचं बोट फिरवलं, फूल ठेवलं, खडीसाखर ठेवली.

भांड्यांचा आवाज थांबला होता. मैना घरात जाऊन आली. ओला टॉवेल तिने खांद्यावरून डोक्यावर ओढून घेतला, सासऱ्यापुढे घ्यायचा पदर तसा, आणि खाली वाकून चिमूटभर तंबाखू दगडावर ठेवली. मग अपराध्यासारखी काकूंकडे बघत राहिली.

आता बोलायला हरकत नव्हती. पण सुनीतीबाईंनी खडीसाखर थोडी बाजूला सरकवली.